आधी उपसा, मग बांधकाम

२००५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात गल्लोगल्ली फ्रिज रस्त्यावर आले होते. रुंद चिकटपट्टीचे चार-पाच वेढे देऊन करकचून बंद केलेले आणि घरासमोर पदपथाच्या कडेला उभे केलेले. ऑगस्टच्या अखेरीस कतरिना वादळाचा इशारा आला, तेव्हा माणसं दोन-तीन दिवसांचे कपडे पिशवीत भरून शहराबाहेर पडली होती. फ्रिजमधली कोलंबी, मासे, मटण तसंच राहिलं. मग वीज गेली, घरात पाणी शिरलं, आणि परत यायला कुणाला सहा आठवडे लागले तर कुणाला सहा महिने. तोवर आत काय झालं असेल ते उघडून पाहायचं नाही, पट्टी गुंडाळायची आणि फ्रिज तसाच बाहेर काढायचा. मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना पहिल्या सकाळी शिकवलेला पहिला धडा बहुधा हाच असे.

ही मुलं आली होती घरं बांधायला. निदान निघताना त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र तसं होतं: हातोडी, खिळे, नव्या लाकडाचा वास, शेवटच्या दिवशी नवा रंग. प्रत्यक्षात हातात आली पहार. तोंडाला एन-९५ मास्क, अंगात कागदासारखा कुरकुरणारा पांढरा झगा, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. पहिलं वर्षभर स्वयंसेवकांच्या वाट्याला मुख्यतः घरं उपसण्याचं काम आलं. तिथे त्याला 'गटिंग' म्हणत. मासळी साफ करताना पोट फाडून आतलं सगळं काढतात, त्या क्रियेचं हे नाव. आमच्याकडच्या कोळणीला ते समजावून सांगावं लागणार नाही. भिंतींचं अस्तर, जमीन, कपाटं, छताची पाटी, सगळं काढून लाकडी सांगाडा आणि वरचं छप्पर तेवढं उरलं, की घर उपसून झालं.

समुद्रकाठची वस्ती वादळानंतर पुन्हा उभी राहते म्हणजे नेमकं काय काय व्हावं लागतं, आणि आठवडाभराच्या सुट्टीत आलेल्या विद्यार्थ्याचा हात त्यात कुठवर पोचतो, हे न्यू ऑर्लिन्सइतकं उघडपणे क्वचितच कुठे दिसलं असेल.

पाणी कसं शिरलं

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच अटलांटिक महासागरात आणि मेक्सिकोच्या आखातात हरिकेन म्हणतात. कतरिना २३ ऑगस्ट २००५ रोजी बहामा बेटांजवळ तयार झालं, फ्लोरिडा ओलांडून आखातात उतरलं आणि तिथल्या तापलेल्या पाण्यावर फोफावलं. २८ तारखेला त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेला. २९ ऑगस्टच्या सकाळी लुइझियानाच्या किनाऱ्याला धडकताना तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास आला होता. पण वाऱ्याने आधीच पुढे ढकललेलं समुद्राचं पाणी काही मागे फिरलं नव्हतं. शेजारच्या मिसिसिपी राज्यात पास ख्रिश्चन गावाजवळ या उधाणाची उंची २७ फुटांहून जास्त मोजली गेली. तिथे समुद्र सरळ गावातून गेला आणि जाताना घरं घेऊन गेला. मागे राहिले सिमेंटचे जोते आणि दारापुढच्या पायऱ्या.

न्यू ऑर्लिन्सचं दुखणं वेगळं होतं. एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन सरोवर, आणि मधलं शहर एखाद्या कढईसारखं. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली. पावसाचं पाणीसुद्धा तिथे आपसूक वाहून जात नाही. पंपाने उचलून कालव्यांत टाकावं लागतं, तिथून ते सरोवरात जातं. वादळात सरोवर फुगलं आणि तेच पाणी कालव्यांतून उलटं शहराकडे आलं. सतराव्या रस्त्याच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांच्या भिंती पाणी काठाला लागण्याआधीच सरकल्या, कारण त्यांच्या पायाखालची माती मऊ होती. पूर्वेकडच्या इंडस्ट्रियल कालव्याची भिंत फुटली आणि खालच्या नवव्या वॉर्डात पाणी धरण फुटल्यासारखं घुसलं. कालव्याजवळची घरं जोत्यावरून उचलली जाऊन एकमेकांवर आदळली. शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. या भिंती सरकारी अभियंत्यांच्या आराखड्यावर उभ्या होत्या. म्हणून तिथले लोक आजही 'वादळाने बुडवलं' म्हणत नाहीत, 'बांध फुटले' म्हणतात.

२४ सप्टेंबरला रिटा हे दुसरं वादळ किनाऱ्याला लागलं आणि अर्धवट डागडुजी झालेल्या बांधावरून नवव्या वॉर्डात पुन्हा पाणी आलं. शहर पुरतं कोरडं व्हायला ११ ऑक्टोबर उजाडला. कतरिनाच्या बळींचा आकडा बरीच वर्षं १,८३३ असा सांगितला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ मध्ये फेरतपासणी करून तो १,३९२ केला.

वाहून गेलेलं गाव आणि भिजून सडलेलं गाव, या दोन्हींची दुरुस्ती वेगवेगळी असते. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर ढिगारे उचलून शून्यातून सुरुवात करायची होती. न्यू ऑर्लिन्समध्ये हजारो घरं आपापल्या जागी उभी होती, लांबून धडधाकट दिसत होती, आणि आतून कुजत होती. विद्यार्थ्यांच्या फौजेला काम मिळालं ते या दुसऱ्या प्रकारात.

मार्च महिन्यातली फौज

अमेरिकेतल्या कॉलेजांना मार्चच्या सुमारास आठवडाभराची सुट्टी असते. स्प्रिंग ब्रेक म्हटलं की फ्लोरिडाचे किनारे आणि रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या, अशी तिची ख्याती. तिला उतारा म्हणून काही विद्यापीठांत 'पर्यायी सुट्टी'ची पद्धत पडली होती. बसगाडी करायची, कुठल्यातरी वस्तीत आठवडाभर राबायचं आणि परत यायचं. आपल्याकडच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची ही लांबची बहीण. २००६ च्या मार्चमध्ये या पद्धतीला अचानक एकच पत्ता मिळाला. देशभरातून विद्यार्थ्यांच्या गाड्या आखाताच्या किनाऱ्याकडे निघाल्या. स्वयंसेवेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या अंदाजाने पहिल्या दोन वर्षांत या किनाऱ्यावर दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. त्यात चर्चचे गट, निवृत्त सुतार, परिचारिका असे सगळेच होते, पण सुट्टीच्या आठवड्यांत गर्दी विद्यार्थ्यांची असे.

शहरातले विद्यार्थी तर स्वतःच बेघर झाले होते. टुलेन विद्यापीठाचं पहिलं सत्र बंद राहिलं आणि त्याची मुलं देशभरातल्या इतर कॉलेजांनी सामावून घेतली. डिलार्ड या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठाचं आवार पाण्याखाली गेलं होतं. जानेवारी २००६ मध्ये त्याचे वर्ग एका मोठ्या हॉटेलात भरले. टुलेन उघडलं तेव्हा त्याने पदवीसाठी समाजसेवेची अट घातली. शहराच्या कामात हात लावल्याशिवाय आता तिथे पदवी मिळत नाही.

बाहेरून आलेल्यांना ठेवायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. हॉटेलं मोडलेली, भाड्याची घरं नाहीत, कित्येक वस्त्यांत नळाला पाणी नाही. कॉमन ग्राउंड नावाची संघटना वादळानंतर आठवड्याभरातच मलिक रहीम आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केली होती. 'दान नको, सोबत हवी' अशा अर्थाचं तिचं घोषवाक्य होतं. वरच्या नवव्या वॉर्डातल्या एका बंद पडलेल्या कॅथलिक शाळेत तिने तळ ठोकला. वर्गावर्गांत खाटा, फळ्यावर दिवसाच्या कामाची यादी, अंगणात बूट धुवायच्या बादल्या. बादल्यांना फार महत्त्व होतं. उपसलेल्या घरातला चिखल झोपायच्या खोलीत आला, की दोन दिवसांत अर्धा वर्ग खोकायला लागे.

हिरवे ठिपके

घर उपसून घ्यायला कंत्राटदार हजारो डॉलर मागत. विमा नसलेल्या, नोकरी बुडालेल्या आणि पाचशे किलोमीटरवर ह्यूस्टनमध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या कुटुंबाला ते परवडण्यासारखं नव्हतं. त्यातच नगरपालिकेने मुदत घातली: २९ ऑगस्ट २००६, म्हणजे वादळाच्या वर्षश्राद्धापर्यंत, घर उपसून सुरक्षित केलं नाही तर त्यावर कारवाई होऊ शकेल.

त्याच्याही आधी, जानेवारीत, एक नकाशा वर्तमानपत्रात आला होता. महापौरांनी नेमलेल्या समितीच्या प्रस्तावातला. शहराच्या सखल भागांवर त्यात मोठे हिरवे ठिपके होते. या भागांचं पुढे उद्यानात किंवा मोकळ्या जागेत रूपांतर करता येईल, असा त्यांचा अर्थ. नियोजनकारांच्या दृष्टीने त्यात तर्क होता. सखल जागी पुन्हा वस्ती कशाला? पण ठिपक्याखाली ज्यांची घरं होती त्यांनी ह्यूस्टनमधल्या, अटलांटामधल्या पाहुण्यांच्या घरी बसून तो नकाशा पाहिला. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली वस्ती आपल्याला न विचारता पुसली जाते आहे, असंच त्यांना वाटलं.

यामुळे घर उपसण्याला वेगळाच अर्थ आला. उपसलेलं, कोरडं, दारावर 'आम्ही परत येतोय' अशी पाटी लावलेलं घर म्हणजे त्या नकाशाला दिलेलं उत्तर. आठवडाभरासाठी आलेल्या कित्येक मुलांना या राजकारणाचा पत्ताही नसेल, पण त्यांच्या पहारीचा घाव नकाशावरही पडत होता.

एक घर, दोन-तीन दिवस

दहा-पंधरा जणांच्या गटाला साधारण एका घराला दोन-तीन दिवस लागत. आत शिरण्याआधी दर्शनी भिंतीवर फवारलेली फुली दिसे. शोधपथकांनी रंगाच्या डब्याने काढलेली. तिच्या चार कोनांत चार नोंदी: डावीकडे पथकाचं नाव, वर तारीख, उजवीकडे आतले धोके, आणि खाली किती माणसं सापडली तो आकडा. बहुतेक घरांवर खाली शून्य असे. प्रत्येक जण ते आधी वाचून घेई.

दार सहसा उघडत नसे. लाकूड फुगलेलं, आणि आतून सोफा किंवा कपाट येऊन टेकलेलं. पाण्यात सामान तरंगतं आणि पाणी ओसरताना भलतीकडेच बसतं. पलंग स्वयंपाकघरात, फ्रिज ओट्यावर आडवा. जमिनीवर गाळाचा थर, वाळून उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळलेला. भिंतीवर तपकिरी रेघ, पाणी जिथवर येऊन थांबलं तिथे. आणि रेघेच्या कितीतरी वरपर्यंत काळी, हिरवी, केशरी बुरशी.

पाणी रेघेपर्यंत आलं तर बुरशी तिच्या वर कशी, हे विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी आपल्या हातांनी कळे. तिथल्या बहुतेक नव्या घरांच्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी खांबांचा सांगाडा, त्यावर दोन्हीकडून जिप्समचे बोर्ड आणि मध्ये थंडी-उष्णता अडवणारा कापसासारखा थर. जिप्समच्या बोर्डाला दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला असतो. दिव्याची वात तेल वर ओढते तसा हा बोर्ड पाणी वर ओढतो. बुरशीला लागतं काय? ओल, ऊब आणि खायला कागद-लाकूड. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात, बंद खिडक्यांच्या आत, तिन्ही गोष्टी मुबलक. म्हणून नुसता भिजलेला भाग कापून चालत नसे. बऱ्याचदा छतापर्यंतचा सगळा बोर्ड काढावा लागे.

क्रमही ठरलेला होता. आधी वीज आणि गॅस बंद असल्याची खात्री. मग सामान बाहेर. मग पहारीने बोर्ड फोडून खाली पाडायचा आणि फावड्याने हातगाडीत भरायचा. मग कापूस, मग जमिनीच्या फळ्या किंवा गालिचा. शेवटी सगळ्यात कंटाळवाणं काम, सांगाड्यात उरलेला एकेक खिळा उपटणं. हजारो खिळे. त्यानंतर लाकूड तारेच्या ब्रशने घासायचं, बुरशीनाशक मारायचं आणि आठवडेच्या आठवडे वाळू द्यायचं. आतली ओल पुरती उतरण्याआधी घाईने नवा बोर्ड ठोकला, तर वर्षभरात त्याच्यामागे पुन्हा बुरशी.

बाहेर रस्त्याकडेलाही वेगवेगळे ढीग लागत. बांधकामाचा राडारोडा एकीकडे, फ्रिज-चुली दुसरीकडे, रंग, कीटकनाशकं, बॅटऱ्या तिसरीकडे, टीव्ही-संगणक चौथीकडे. एकत्र केलं तर पालिकेची गाडी उचलत नसे.

या कामात एक गंमतही उघडी पडली. शंभर वर्षांपूर्वीची घरं बऱ्याचदा नव्यांपेक्षा बरी निघाली. ती दलदलीतल्या सायप्रस वृक्षाच्या घट्ट लाकडाची होती, काही तर नदीतून माल वाहून आणलेल्या तराफ्यांच्या फळ्यांची. शिवाय ती जमिनीपासून दोन-तीन फूट उंच खांबांवर उभी. ओल सोसणारं लाकूड कोणतं आणि जोतं किती उंच हवं, हे जुन्या सुतारांना माहीत होतं. त्यांच्या नातवंडांनी पंपांवर आणि बांधांवर भरवसा ठेवून घरं थेट जमिनीवर, सिमेंटच्या लादीवर बांधली होती.

खुर्चीवर बसलेली मालकीण

सुरुवातीच्या आठवड्यांत गटांकडून एक चूक वारंवार होई. घरमालक बाहेरगावी, मुलं उत्साही, आणि घरातलं सगळं एकाच रंगाचं, चिखलाचं. मग सगळंच रस्त्यावर जाई. त्यात लग्नाचा अल्बम असे, आजीचं बायबल असे, लष्करातलं पदक असे. ढिगाऱ्याची गाडी एकदा निघून गेली की ते परत मिळत नसे.

यातून साधी पद्धत रुजली. शक्य असेल तर घरातलं माणूस येईपर्यंत थांबायचं. घराची मालकीण आली की तिला अंगणात सावलीत खुर्ची द्यायची आणि प्रत्येक डबा, प्रत्येक खण तिच्यासमोर आणायचा. ठेवायचं की टाकायचं ते ती सांगणार. फोटो असतील तर पाण्याच्या ट्रेमध्ये सोडून, हलक्या बोटांनी वेगळे करून दोरीवर वाळत घालायचे. यात दुपार जाई आणि कामाचा वेग निम्म्यावर येई. पण बाई बोलायला लागे. हा कप कुणी दिला, या भिंतीला कोणत्या साली रंग लावला, शेजारी कोण राहायचं. घर उपसायला आलेल्या मुलांना ते घर पहिल्यांदा दिसे ते अशा वेळी.

आठवड्यांची साखळी

आठवडाभराच्या मदतीची अडचण उघड आहे. सोमवारी शिकवायचं, बुधवारी हात बसायचा, शुक्रवारी निरोप. पुढच्या सोमवारी नवी माणसं, पुन्हा पहिल्यापासून. उपसण्यात हे खपून जाई, कारण त्यात कौशल्य कमी आणि ताकद जास्त. बांधायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. जिप्समचा बोर्ड पाडायला कुणीही चालतं. तोच सरळ बसवून त्याचे सांधे सपाट करायला सराव लागतो.

यावर तोडगा निघाला तो वर्षभर राहणाऱ्यांच्या रूपाने. अमेरिकॉर्प्स ही सरकारी योजना तरुणांना अगदी बेताच्या भत्त्यावर वर्षभरासाठी समाजकामात पाठवते. ही मुलं गटप्रमुख झाली. आठवड्याची माणसं बदलत राहिली तरी घराची वही एकाच हातात राहिली.

सेंट बर्नार्ड हा शहराला लागून असलेला पूर्वेकडचा भाग. तिथे जवळजवळ एकही घर कोरडं राहिलं नव्हतं. शिवाय तेलशुद्धीकरण कारखान्याची एक टाकी जागेवरून हलून दहा लाख गॅलनहून जास्त कच्चं तेल पुराच्या पाण्यात मिसळलं होतं. लिझ मॅकार्टनी आणि झॅक रोझेनबर्ग हे दोघे २००६ च्या सुरुवातीला तिथे थोड्या दिवसांसाठी स्वयंसेवक म्हणून आले आणि मग तिथेच राहून त्यांनी सेंट बर्नार्ड प्रोजेक्ट सुरू केला. पुढे टोयोटा कंपनीच्या तज्ज्ञांनी त्यांना कारखान्यातली शिस्त शिकवली. कोणत्या दिवशी कोणतं सामान, कुणाचं काम कुणामुळे अडतं, हे फळ्यावर मांडायला लावलं. घर दुरुस्तीला लागणारे दिवस जवळजवळ निम्म्यावर आले. घरच्या ओढीने झुरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी ते वाचलेले दिवस फार मोलाचे होते.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. त्या काळात बोर्डांचा तुटवडा पडल्यामुळे चीनमधून आयात झाली. त्यातल्या काही बोर्डांमधून गंधकयुक्त वायू सुटत होता. सडक्या अंड्यांचा वास, काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारा, बंद पडणारे एसी. स्वयंसेवकांनी बांधलेली काही घरंही त्यात सापडली आणि ती पुन्हा एकदा उपसावी लागली.

घर कागदावरही उभं असतं

दुरुस्तीसाठी राज्य सरकारने 'रोड होम' नावाची योजना आणली. केंद्राच्या पैशातून घरमालकाला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. त्यातली एक मोठी अट: घर तुमच्या नावावर असल्याचा स्वच्छ पुरावा.

इथे हजारो कुटुंबं अडकली. खालच्या नवव्या वॉर्डात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा जास्त होतं. घरं आजोबांनी बांधलेली, कर्ज फिटलेलं, वाद नाही. म्हणूनच कोर्टात जाऊन वारसा लावून घ्यायची गरज कुणाला वाटली नव्हती. कागदावर मालक आजोबाच. वारस म्हणावेत तर तीन राज्यांत विखुरलेले अकरा चुलत-मावस भाऊबहीण. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचंच नाव आहे, अशा घरातल्या मराठी वाचकाला ही व्यथा लगेच कळेल.

पहार हे काम करू शकत नव्हती. पण दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी करू शकत होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २००५ च्या अखेरीस देशव्यापी जाळं उभं केलं आणि सुट्ट्यांमध्ये गटागटाने येऊन ते स्थानिक वकिलांच्या हाताखाली बसले. जन्म-मृत्यूचे दाखले जमवणं, वंशावळ काढणं, वारसांना फोन करून सह्या गोळा करणं. काहींनी तुरुंगात जाऊन कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. वादळात कैदी ठिकठिकाणी हलवले गेले, कागदपत्रं हरवली आणि कित्येक जण वकिलाचं तोंडही न बघता महिनोन्‌महिने अडकून पडले होते.

योजनेच्या सूत्रातही खोट होती. वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतली जी रक्कम कमी, ती धरून अनुदान ठरे. कृष्णवर्णीय वस्त्यांत त्याच आकाराच्या घराची बाजारभावाने किंमत कमी, म्हणून अनुदानही कमी. पत्रे, लाकूड, मजुरी मात्र सगळीकडे सारख्याच भावाने. घरमालक कोर्टात गेले. २०११ मध्ये तडजोड होऊन आणखी ६.२ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. तोवर सहा वर्षं उलटली होती, आणि वाट पाहून कित्येकांनी ह्यूस्टनमध्येच मुलांची नावं शाळेत घातली होती.

बांधाच्या पलीकडे

नवव्या वॉर्डाच्या उत्तरेला बांधापलीकडे बायू बियेनव्हू नावाची पाणथळ जागा आहे. तिथे एकेकाळी सायप्रसचं दाट जंगल होतं. १९६० च्या दशकात जहाजांसाठी समुद्रापासून शहरापर्यंत एक सरळ कालवा खोदला गेला. त्यातून खारं पाणी आत येऊ लागलं आणि गोड्या पाण्यातले सायप्रस मेले. खाजण मेलं की उधाणाला अडवणारं काही राहत नाही. कतरिनानंतर हा कालवा दगडांचा बांध घालून २००९ मध्ये बंद करण्यात आला.

लुइझियानाच्या किनाऱ्याने १९३२ पासून २०१० पर्यंत सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर जमीन गमावली. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या क्षेत्रफळाहून थोडीशीच कमी. म्हणूनच काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या कामाचं स्वरूप पालटलं. उपसायची घरं संपत आली, तशा बस बांधापलीकडे जाऊ लागल्या. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभं राहून दलदलीतल्या गवताची रोपं ओळीने रोवायची. कमरेत वाकून, मागे मागे सरकत. कोकणातल्या भातलावणीचा फोटो बाजूला ठेवला तर फरक फक्त टोप्यांचा. टुलेनच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी वेगळा मार्ग धरला. तिथे दरवर्षी विद्यार्थी एका घराचा आराखडा करतात आणि स्वतःच्या हातांनी ते बांधतात.

जमाखर्च

या सगळ्यावर टीकाही झाली, आणि ती वाजवी होती. दूरच्या सुखवस्तू कॉलेजांतून आलेल्या, बहुतांशी गोऱ्या मुलांनी गरीब कृष्णवर्णीयांच्या पडक्या घरांपुढे उभं राहून फोटो काढायचे, हे रहिवाशांना खटके. प्रवाशांना बसमध्ये बसवून पडझड दाखवणाऱ्या सहलीही निघत होत्या. स्वयंसेवक आणि प्रेक्षक यांतला फरक दरवेळी स्पष्ट राहत नसे. दुसरा प्रश्न मजुरीचा. याच कामाची मजुरी मिळाली असती तर ज्यांचं घर गेलं त्यांनाच रोजगार मिळाला असता, असं म्हणणारे होते. पैसे घेऊन झालेलं बरंचसं काम मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांनी केलं, आणि त्यातल्या अनेकांची मजुरी बुडवली गेली.

आकडे तर कुणालाही बढाई मारू देत नाहीत. २००० साली शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती, २०१० मध्ये ३,४३,८२९. खालच्या नवव्या वॉर्डात सुमारे १४,००० माणसं होती, तिथे दहा वर्षांनी तीन हजारसुद्धा उरली नव्हती. इतकी घरं उपसली, त्यातली कित्येक पुढे बुलडोझरखाली गेली. उपसल्याने घर वाचतं, पण माणूस परत येण्यासाठी शाळा, दवाखाना, किराणा दुकान, नोकरी आणि शेजारी लागतात. ते पहारीने येत नाहीत.

तरीही हे काम फुकट गेलं असं परतलेली कुटुंबं म्हणत नाहीत. मुदतीच्या आत घर उपसून झालं, म्हणून जागा हातची गेली नाही. जागा राहिली म्हणून वारस लावता आला, वारस लागला म्हणून अनुदान मिळालं. आपल्याकडे २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये ठिकठिकाणहून तरुण गेले, तेव्हा त्यांनीही पहिल्यांदा हेच केलं: घराघरांतून, दुकानांतून चिखल उपसला. त्याशिवाय पुढचं पाऊल टाकायला जागाच नव्हती.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी, बरोबर सोळा वर्षांनी, आयडा हे वादळ ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी लुइझियानावर आलं. मधल्या काळात अब्जावधी डॉलर ओतून नवे बांध, नवे दरवाजे उभारले होते. ते टिकले, शहर बुडालं नाही. वीज मात्र सगळीकडची गेली, आणि बांधाबाहेरच्या कोळी वस्त्यांची, खाडीकाठच्या गावांची छपरं उडाली. पुन्हा निळ्या ताडपत्र्या, पुन्हा बुरशी, पुन्हा मुलांच्या गाड्या.

आजही खालच्या नवव्या वॉर्डात मोकळे भूखंड दिसतात. घर नाही, पण रस्त्याकडच्या तीन सिमेंटच्या पायऱ्या शिल्लक, कुठेच न जाणाऱ्या. मालक दुसऱ्या राज्यात, पण जागा विकलेली नाही. गवत माजलं की पालिकेची नोटीस येते, दंड चढत जातो. म्हणून तिथे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती कधी कधी हातोडीही येत नाही, पहारही नाही. येतं ते गवत कापायचं यंत्र. दिवसभर उन्हात अनोळखी माणसाच्या रिकाम्या जागेतलं गवत कापायचं, पायऱ्यांभोवतालचं जरा जपून.